आईला ट्रायलमध्ये घालावं का? (परत उलटलेला लिम्फोमा आणि नव्या गोळ्या)

कुळागर

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे सुपारीचा कोळेरोग आणि माकडांचा उपद्रव यावर लिहितो. आज विषय वेगळा आहे.

आई ६७ वर्षांची, आम्ही फोंडा तालुक्यातले. गेल्या वर्षी शिगम्याच्या सुमारास मानेत गाठ आली. बायोप्सीत डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे बी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर, निघाला. आर-चॉपची, म्हणजे रिटुक्सिमॅबसोबतच्या केमोची, सहा सायकल झाली, पेट स्कॅन स्वच्छ आला, देवीची ओटी भरून झाली. आठ महिन्यांनी काखेत आणि पोटात परत हजर. दुसरी केमो सुरू केली, दोन सायकलनंतरही गाठी तसूभर हलल्या नाहीत. हृदयाचं पंपिंग थोडं कमी आहे म्हणून स्टेम सेल ट्रान्सप्लांट नको म्हणाले.

आता मुंबईच्या डॉक्टरांनी एक ट्रायल सुचवली आहे. बीटीके रोखणारी एक गोळी, लेनालिडोमाइडची दुसरी, आणि जोडीला रिटुक्सिमॅबचं सलाईन. फेज २, म्हणजे औषधाच्या चाचणीचा दुसरा टप्पा. 'टार्गेटेड' म्हणतात, म्हणजे केमोसारखी सरसकट झोडपणारी नाहीत. संमतीपत्र सव्वीस पानांचं.

घरात दोन पक्ष झालेत. सावंतवाडीचा मामा म्हणतो, "ताईचा उंदीर करू नका." बहीण म्हणते, घरी बसवून काय करणार? आईचं एकच पालुपद, गणपतीची चवथ झाल्याशिवाय मी कुठे हलत नाही.

इथे कोणी अशा ट्रायलमधून गेलंय का? सही करण्याआधी काय विचारायचं? आणि या टार्गेटेड गोळ्यांत खरंच दम आहे की नुसतं नाव?

चणेवाला

वाचतोय. माहिती शून्य, पण आईंना लवकर आराम पडो.

अबोली_फाती

कुळागर, माझा पण हाच आजार, २०१६ साली. सहा आर-चॉप झाल्या आणि आज मी इथे बसून टाईप करतेय. तेव्हा एवढंच सांगते की पहिल्या औषधाला हसू नका. साधारण दहातले सहा जण त्याच्यावरच बरे होतात. तुमची आई उरलेल्या चारांत निघाली हे दुर्दैव, तुमची चूक नाही.

ते लाल औषध अजून आठवतं. दुसऱ्या दिवशी लघवीला लाल झालं आणि आमच्या ह्यांनी अर्ध्या रात्री डॉक्टरांना उठवलं. आणि त्यातलं एक औषध, व्हिन्क्रिस्टीन, चक्क सदाफुलीतून मिळतं. अंगणातली सदाफुली! त्याने बोटं अशी बधिर झाली की वर्षभर मला अबोलीची फाती करता आली नाही. दोरा बोटांना लागायचाच नाही. म्हणून हा आयडी.

ट्रायलचं मला काही माहीत नाही. पण आईंच्या बोटांना मुंग्या येतात का ते बघा आणि नव्या डॉक्टरांना आधीच सांगा. नंतर सांगितलं तर ते नव्या गोळ्यांच्या खात्यावर लिहिलं जातं.

निवृत्त_मास्तर

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. ट्रायल ही रुग्णासाठी नसते, औषधासाठी असते. कंपनीला आकडे हवे असतात, आपल्याला माणूस हवा असतो. आपल्या देशात गरिबांना न सांगता औषधं टोचल्याच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षं वाचल्या, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. आणि 'टार्गेटेड' हा शब्द मला जाहिरातीचा वाटतो. बंदूक नेम धरून मारली तरी बंदूकच.

गोळीवाला_वेर्णा

मास्तर, शेवटच्या वाक्याला अर्धा मान. मी वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात क्वालिटीत आहे, डॉक्टर नाही. माझ्या बहिणीच्या सासऱ्यांना हा आजार झाला म्हणून वाचत गेलो, तेवढंच सांगतो.

रायबंदर-चोडण फेरी डोळ्यांसमोर आणा. बी-पेशीला 'जग, वाढ' हा निरोप बाहेरून आत पोचवावा लागतो. बीटीके नावाचं प्रथिन ही त्या निरोपाची फेरीबोट. ती गोळी फेरी बंद करते. आता फेरी बंद झाली तर चोडणकर अडकेल, पण पर्वरीच्या माणसाला काय फरक? त्याला मांडवीचा पूल आहे.

गोम इथेच आहे. हा लिम्फोमा नावाला एक असला तरी आत किमान दोन जातींचा, हे २००० साली जनुकांच्या तपासणीतून कळलं. एक जीसीबी, दुसरी एबीसी. एबीसी जात बऱ्याचदा या फेरीवर अवलंबून असते, जीसीबीला बहुधा पूल असतो. बायोप्सीच्या रिपोर्टवर 'नॉन-जीसीबी' असं काही लिहिलंय का ते आधी बघा. जात जुळत नसेल तर गोळी कितीही भारी असो, तुमच्या कामाची नाही.

आणि नेम अचूक म्हणजे निकाल चांगला, असंही नाही. फिनिक्स नावाची मोठी ट्रायल झाली. ८३८ रुग्ण, सगळे नवे, नॉन-जीसीबी जातीचे. अर्ध्यांना आर-चॉपसोबत इब्रुटिनिब, अर्ध्यांना आर-चॉपसोबत नुसती खोटी गोळी. २०१९ मध्ये निकाल आला आणि एकूण फायदा शून्य. फोडून पाहिलं तर साठीच्या आतल्यांना फायदा दिसत होता. साठीच्या वरच्यांना त्रास इतका झाला की आर-चॉपच पुरती झेपली नाही. तुमची आई ६७. मी असतो तर हा प्रश्न पहिला विचारला असता.

सांखळीकर_बाब्या

गोळीवाल्या, फेरीचं उदाहरण द्यायचं तर हेही सांग की आमची फेरी अर्धा वेळ बंदच असते. चोडणकरांना कॅन्सर व्हायलाच नको मग.

गोळीवाला_वेर्णा

@बाब्या, म्हणूनच तर चोडणकर पोहायला शिकतात. विनोद बाजूला, गाठीही तेच करतात. काही महिन्यांनी बीटीकेवर जिथे गोळी चिकटते तीच जागा बदलून टाकतात. मग गोळी आहे, फेरी आहे, पण साखळी अडकवायला कडी नाही.

रातपाळी

मी रक्ताच्या आजारांचं प्रशिक्षण घेणारी डॉक्टर, मूळची डिचोलीची. रुग्ण न तपासता सल्ला देणार नाही, पण धाग्यात एक गोष्ट सरळ करायला हवी.

गोळीवाला यांनी फिनिक्स अगदी बरोबर सांगितली, पण ती नव्या रुग्णांवर होती आणि वर पूर्ण आर-चॉप होती. साठीवरच्यांना त्रास झाला तो दोन्हीचा एकत्र. कुळागर यांच्या आईंच्या ट्रायलमध्ये चॉप नाही. वयाचा प्रश्न जरूर विचारा, पण तो निकाल जसाच्या तसा इथे चिकटवू नका.

परत आलेल्या आजारासाठी जवळचं उदाहरण हवं तर वायपॉर बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने पाच औषधं एकत्र केली: व्हेनेटोक्लॅक्स, इब्रुटिनिब, प्रेडनिसोन, ओबिनुटुझुमॅब आणि लेनालिडोमाइड. एकेक मार्ग बंद केला की गाठ दुसरा शोधते, तर बरेचसे एकदमच बंद करा, हा विचार. दोन आठवडे औषध, एक आठवडा सुट्टी, अशा जास्तीत जास्त सहा फेऱ्या. २०२४ मध्ये निकाल छापून आला. या लिम्फोमाचे ५० रुग्ण, सगळे आधीचे उपचार हरलेले. तपासता आलेल्या ४८ जणांत ५४ टक्क्यांच्या गाठी कमी झाल्या, ३८ टक्क्यांत आजार स्कॅनवर पूर्ण नाहीसा. दोन वर्षांनी आजार न वाढता राहिलेले ३४ टक्के. आणि पूर्ण गेला तो फक्त दोन गटांत, नॉन-जीसीबी आणि 'डबल हिट' म्हणतात त्यातला एक प्रकार. म्हणजे पुन्हा जातीवर आलो.

या आकड्यांकडे तुम्ही कुठल्या बाजूने बघता ते तुम्हीच ठरवा. दहातल्या सहा-साडेसहा जणांचा आजार दोन वर्षांत पुन्हा वाढला किंवा ते गेले. पण ज्यांच्यापुढे बाकी काहीच चाललं नव्हतं त्यांच्यातले तीन-चार टिकले. आणि हे ५० रुग्णांचं, समोर दुसरा गट नसलेलं काम आहे. वायपॉरचे आकडे तुमच्या ट्रायलला लागू नाहीत, तिच्यात दोन औषधं कमी आहेत आणि एक वेगळं.

मामांना सांगा, या ट्रायलमध्ये खोट्या गोळीचा प्रश्न बहुधा नाहीच. फेज २, एकच गट असेल तर सगळ्यांना खरं औषध. संमतीपत्रात गट किती ते पहिल्या पानांतच असतं.

निवृत्त_मास्तर

डॉक्टरबाई, आकडे प्रामाणिकपणे सांगितलेत म्हणून आभार. पण 'बाकी काहीच चाललं नव्हतं' हेच तर मला खुपतं. बुडत्याला काडी दाखवून सही घ्यायची. ही संमती मोकळ्या मनाची कशी?

रातपाळी

मास्तर, या प्रश्नाला माझ्याकडे चोख उत्तर नाही. रोज रात्री तो समोर असतो. पण काडी दाखवूच नये म्हटलं तर बुडत्याच्या वतीने आपण निर्णय घेतला असं होतं ना?

म्हादई_काठ

वाचून गप्प बसणार होते.

माझे बाबा अशाच एका ट्रायलमध्ये होते, गोव्याबाहेर. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही. मँटल सेल नावाचा लिम्फोमा. गोळीने पहिल्या दीड महिन्यात जादू झाली. गळ्यातली लिंबाएवढी गाठ हाताला लागेना. बाबा वाळपईच्या बाजारात जाऊन स्वतः बांगडे घेऊन आले. मग छातीत धडधड सुरू झाली, नाडी वेडीवाकडी. ट्रायलमधून बाहेर काढलं आणि गोळी बंद. आणखी पाच महिन्यांनी बाबा गेले.

मला पश्चात्ताप आहे का? तो दीड महिना मी कशाच्याही बदल्यात परत देणार नाही. पण रागही आहे. धडधडीबद्दल कागदावर लिहिलेलं होतं, बाराव्या की तेराव्या पानावर. आम्हाला कोणी वाचून दाखवलं नाही आणि आम्ही वाचलं नाही. बाबा दोन दिवस 'गॅस झालाय' म्हणून सोडा पीत बसले. आणि ट्रायलमधून बाहेर पडल्यावर पुढचा उपचार कोण बघणार, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. ते म्हणाले तुमच्या गावच्या डॉक्टरांकडे जा, गावचे म्हणाले आमच्याकडे कागद नाहीत.

कुळागर, आईंचं पंपिंग कमी आहे असं लिहिलंत. त्या गोळीच्या जातीची हृदयाशी खोडी आहे. ईसीजी कधी, किती वेळा, धडधड झाली तर रात्री कोणाला फोन, हे लिहून घ्या. फ्रिजवर चिकटवा.

अबोली_फाती

म्हादई, 🙏

गोळीवाला_वेर्णा

म्हादईताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. तीच पुरवणी: बीटीकेच्या गोळ्याही एकसारख्या नाहीत. इब्रुटिनिब २०१३ मध्ये आली, तिने नाडी बिघडण्याचं आणि रक्तस्रावाचं प्रमाण जास्त. नंतरच्या अकॅलाब्रुटिनिब आणि झानुब्रुटिनिब या बाबतीत सौम्य. ट्रायलमध्ये नेमकी कुठली आहे ते विचारा. आई रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर तेही आधी सांगा.

फणसपोळी

एक शंका. सीएआर-टी नावाचं काहीतरी आपल्या मुंबईतच बनतं ना? मग ट्रायल कशाला?

रातपाळी

हो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली नेक्ससीएआर१९, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना कॅन्सरवरची सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवून परत सोडतात. परदेशी सीएआर-टीच्या मानाने खूपच स्वस्त, तरी तीस-चाळीस लाखांची गोष्ट. हृदय कमकुवत असेल तर आणखी विचार करावा लागतो. पण हा पर्याय चर्चेत आला होता का आणि नाकारला तर का, हे कुळागर यांनी विचारायलाच हवं. ग्लोफिटामॅब, एपकोरिटामॅब ही एका हाताने टी-पेशी आणि दुसऱ्या हाताने कॅन्सर धरणारी सलाईनं-इंजेक्शनंही २०२३ पासून बाहेर वापरात आहेत. ट्रायलमध्ये गेल्याने नंतर यांतलं काही बंद होणार का, हाही प्रश्न.

फणसपोळी

तीस-चाळीस लाख! दीन दयाळच्या आरोग्यविम्याच्या कार्डावर चौघांच्या कुटुंबाला वर्षाला चार लाख. बागायतीचं भाट विकायचं म्हणजे.

सांखळीकर_बाब्या

भाट विकायला काढलं तर दिल्लीवाला पार्टी दोन दिवसांत हजर होईल. उपचार होईल, पण आई परत कुठे येणार?

चणेवाला

अवांतर: मुंबईच्या फेऱ्या होणार असतील तर रेल्वेची सवलत सोडू नका. कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्याला ७५ टक्के सूट. हॉस्पिटलचा फॉर्म भरून घ्यायचा. मी काकांसाठी वर्षभर केलंय. कोकणकन्येत रात्री जायला बरं वाटतं, पण म्हाताऱ्या माणसाला ठाण्यापासून झोप नाही. मांडवी दिवसाची, खायला पण बरं.

निवृत्त_मास्तर

मांडवीचं खाणं आता पूर्वीचं राहिलं नाही.

चणेवाला

मास्तर, तुम्हाला ट्रायल नको, गाडी नको, निदान बटाटवडा तरी घ्या.

पेडणे_एक्स्प्रेस

माझ्या ओळखीचे एक वैद्य आहेत, गाठीवर काढा देतात, शंभर टक्के

पेडणे_एक्स्प्रेस

वरचा प्रतिसाद अर्धाच गेला. असो, प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) समजा. घरातून ओरडा बसला.

गोळीवाला_वेर्णा

😄 पण मुद्दा आलाच आहे तर बोलून घेऊ. ट्रायलमध्ये चोरून काढा घेणं सगळ्यात वाईट. या गोळ्या यकृतातल्या ज्या यंत्रणेने मोडल्या जातात, तीच अनेक झाडपाल्यांनी मंदावते किंवा वेगाने पळते. मग गोळीचं रक्तातलं प्रमाण दुप्पट की निम्मं, कोणालाच कळत नाही. इब्रुटिनिबच्या पत्रकात ग्रेपफ्रूट आणि सेव्हिल संत्रं टाळा असं स्पष्ट आहे. आपल्याकडचं तोरिंजन, म्हणजे पपनस, त्याच कुळातलं.

अबोली_फाती

अरे देवा, चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधतो, तिला तोरिंजन असतंच की!

गोळीवाला_वेर्णा

बांधायला हरकत नाही. गणपतीला ट्रायलमध्ये घेतलेलं नाही.

सांखळीकर_बाब्या

आणि काजूची उर्राक?

रातपाळी

उर्राकचा हंगाम संपलाय, बाब्या. तुझ्यासाठी वेगळा धागा काढ.

वकीलबाय_मडगाव

उशिरा येतेय. मास्तरांच्या पहिल्या प्रतिसादाला उत्तर द्यायचं राहिलंय म्हणून. पूर्वी जे झालं ते झालं, त्यातूनच नियम घट्ट झाले. १५ जून २००९ पासून प्रत्येक ट्रायल सरकारी सीटीआरआय नोंदवहीत नोंदवणं बंधनकारक. ती कोणालाही फुकट बघता येते. संमतीपत्रावरचा नोंदणी क्रमांक तिथे टाका, किती रुग्ण, कुठली केंद्रं, पैसा कोणाचा, सगळं दिसतं. क्रमांक नसेल तर उठून या.

मग २०१९ चे नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियम. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई, मृत्यू झाला तर वारसाला. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. संमतीपत्राची प्रत तुमच्या हातात द्यावीच लागते आणि त्यावर एथिक्स कमिटीचा संपर्क असतो. तो फोन फक्त शोभेचा नाही, लावता येतो. म्हादईच्या वडिलांच्या वेळी तो लावायला हवा होता, हे मी तिला दोष म्हणून लिहीत नाही.

आणि कागद मराठीतून मागा. आईंना समजेल त्या भाषेत देणं हे त्यांचं काम आहे, उपकार नाहीत.

निवृत्त_मास्तर

वकीलबाई, नोंदवही उघडून बघितली. दोन तास गेले. माझं मत फार बदललेलं नाही, पण मामांनी एकदा ते पान बघावं असं म्हणतो. 'उंदीर' हा शब्द मागे घ्यावा. उंदराला क्रमांक देतात, प्रत देत नाहीत.

कुळागर

सगळ्यांचे आभार. चार दिवस लिहायला वेळ झाला नाही, काल रात्री मुंबईहून आलो. तुमचे प्रतिसाद छापून नेले होते (बाब्याचे सोडून).

बायोप्सीवर नॉन-जीसीबी आहे. गोळी इब्रुटिनिब नाही, नंतरच्या दोनांतली एक आहे. गट एकच, खोटी गोळी नाही. नोंदवहीत ट्रायल सापडली. वयाचं विचारलं तर डॉक्टरांनी स्वतःहूनच फिनिक्सचं नाव काढलं आणि रातपाळी म्हणाल्या तेच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, हा सुपारीवाला कुठून शिकून आला म्हणून.

सीएआर-टी पैशांपेक्षा वेळेमुळे मागे ठेवली आहे. पेशी तयार होईपर्यंत काही आठवडे जातात आणि पोटातली गाठ भराभर वाढतेय. गोळीने ती आटोक्यात आली तर पुढे विचार करता येईल, ट्रायलने दार बंद होत नाही. ईसीजी पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, तो इथे फोंड्यातच काढून पाठवला तरी चालेल. गोळी लागू पडली तर ट्रायल संपल्यावरही चालू राहणार का? याला 'बहुधा' असं उत्तर होतं. बहिणीने ते 'बहुधा' लेखी मागितलं. पत्र यायचं आहे.

म्हादईताई, तुमच्यासाठी खास. मराठी प्रत मागितली. रिसर्च कोऑर्डिनेटर मुलगी कोल्हापूरची, तिने आईला दीड तास बसून अख्खं वाचून दाखवलं. आईने मध्ये एकदाच थांबवलं. विचारलं, "आणि मी नाही म्हटलं तर तुम्ही मला तपासायचं सोडणार का?" मुलगी म्हणाली, "नाही आजी, तसं करताच येत नाही." आई म्हणाली, "मग पुढे वाच."

सही आईने केली. मामा बाजूलाच होता. कागदाच्या प्रती पिशवीत त्यानेच घातल्या.

चवथीचाही तोडगा निघाला. आधी रक्त, ईसीजी, नवी बायोप्सी हे सगळं व्हायचं आहे. त्यासाठी परवा जायचं, चवथीला घरी, आणि पहिली गोळी पंचमीनंतर. माटोळीचं तोरिंजन आईने यंदा शेजाऱ्यांना आधीच देऊन टाकलंय.

म्हादई_काठ

मुंग्यांचं सांगितलंत का? अबोलीताईंनी लिहिलं होतं ते.

कुळागर

सांगितलं. डाव्या पायाच्या बोटांना आहेत, फाईलमध्ये लिहून घेतलं.

चणेवाला

परवाचं तिकीट झालं?

कुळागर

मांडवी, करमळीहून. आईचं कन्फर्म, माझं आरएसी.

चणेवाला

मग आईंना खिडकी द्या, तुम्ही दारात उभे राहा. आणि सवलतीच्या फॉर्मची मूळ प्रत हातात ठेवा, टीसी झेरॉक्स चालवून घेत नाही.